शुगरची वही: गावातल्या दवाखान्यातून मधुमेहाचे उपचार नीट कसे घ्यायचे

कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दर दोन-चार दिवसांनी एकच संवाद होतो. "ती शुगरची पांढरी गोळी द्या." कोणती? "अहो ती बारीक. तुम्हीच दिली होती की." शुगरच्या बऱ्याचशा गोळ्या पांढऱ्या आणि बारीकच असतात. चिठ्ठी घरी, घरचा फोन लागत नाही आणि एसटी सुटायला दहा मिनिटं.

त्याच माणसाची दवाखान्याबद्दल तक्रार असते. डॉक्टर नीट बघत नाहीत, नुसत्या गोळ्या वाढवतात. काही वेळा ती तक्रार खरीही असते. पण गर्दीच्या वेळी डॉक्टरांना एका माणसामागे तीन-चार मिनिटं मिळतात आणि समोर येतो एकच आकडा, तोही त्या दिवशी सकाळी घाईत काढलेला. सगळा निर्णय त्या आकड्यावर होतो. खालचा क्रम त्या चार मिनिटांसाठी आहे. तो आहे तसाच पाळा. आधी लॅब, मग डॉक्टर आणि शेवटी घरातल्या गोळ्यांचा शोध, असा उलटा प्रवास केला की रक्त दोनदा काढावं लागतं आणि पैसेही दोनदा जातात.

एक आधीच सांगतो. मी औषधविक्रेता आहे. गोळी किती घ्यायची, कोणती बंद करायची, हे डॉक्टर ठरवणार. तुम्हाला फक्त त्यांच्यासमोर नीट जायचं आहे.

१. घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा

देव्हाऱ्याशेजारचा डबा, फ्रिजवरची पिशवी, सुनेच्या पर्समधली पाकिटं, सगळं बाहेर काढा. बीपी, गुडघेदुखी, झोप आणि ॲसिडिटीच्या गोळ्याही त्यात आल्या. कुणी यात्रेतून आणलेलं चूर्ण असेल तर तेही ताटात ठेवा.

आता पाकीट उलटं करून वाचा. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. खाली बारीक अक्षरात असतं ते खरं औषध: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन. त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. वहीत उतरवायचं ते हे बारीक अक्षरातलं नाव आणि हा आकडा. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाला मोबाईलवर फोटो काढून मोठा करायला सांगा.

हे करताना मला सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे एकच औषध दोन नावांनी. एक आण्णा गावातल्या डॉक्टरांची गोळी सकाळी घेत होते आणि साताऱ्यातल्या स्पेशालिस्टची दुपारी. दोन्हींत ग्लिमेपिराइड अधिक मेटफॉर्मिन होतं, कंपन्या मात्र वेगळ्या. चार वाजता रानात घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे. घरच्यांना वाटायचं, ऊन लागलं. खरं तर साखर खाली जात होती.

सुट्या गोळ्यांचाही त्रास मोठा आहे. काही दवाखान्यांत कागदाच्या पुडीत गोळ्या मिळतात, सकाळची लाल आणि रात्रीची पिवळी. पुडीवर नाव नसतं. रात्री-अपरात्री चक्कर आली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं, तर पोटात काय गेलंय ते कुणालाच सांगता येत नाही. "डॉक्टर, यातल्या औषधांची नावं वहीत लिहून देता का?" एवढं नम्रपणे विचारा. नाव लिहून मागण्यात त्यांचा अपमान नाही.

*सावधान:* ताटात एकच औषध दोनदा दिसलं तर मनाने एक बंद करू नका, पण पुढच्या भेटीपर्यंत थांबूही नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

*तपासा:* प्रत्येक गोळीपुढे तीन गोष्टी लिहिल्या का? औषधाचं नाव व मिलिग्रॅम, कधी घेता (जेवणाआधी की नंतर), आणि कुणी लिहून दिली.

२. दोनशे पानी वही घाला

सुटे कागद नकोत. लॅबचे रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवले की दोन महिन्यांत त्यांचा भुगा होतो. वहीच्या पहिल्या पानावर नाव, वय, शुगर कधीपासून आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आधी काय ऑपरेशन झालंय आणि घरच्या दोघांचे फोन नंबर. दुसऱ्या पानावर ताटातल्या गोळ्यांची यादी. पुढे रकाने आखा: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, त्या दिवशी काय वेगळं घडलं.

शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. मला तर तोच सगळ्यात कामाचा वाटतो. "गोळी चुकली", "लग्नाचं जेवण", "गुऱ्हाळावर गेलो, काकवी खाल्ली", "रात्रभर उसाला पाणी", "गुडघ्यात इंजेक्शन घेतलं". या शेवटच्यावर नजर ठेवा. दुखण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनमध्ये किंवा गोळ्यांमध्ये स्टेरॉइड असेल तर साखर काही दिवस चांगलीच चढते. डॉक्टरांना ते ठाऊक नसेल तर ते शुगरची गोळी वाढवतात, आणि स्टेरॉइडचा असर ओसरला की वाढवलेल्या गोळीने साखर खाली येते.

घरी ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर मोजायचं मशीन, असेल तर भेटीच्या आधी किमान तीन दिवसांचे आकडे लिहा, एक दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर असे दोन्ही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. तासगावकडचे बेदाणा किंवा द्राक्षांत काम करणारे लोक तसंच बोट टोचतात आणि तीनशे आकडा बघून घाबरतात. बोटाला लागलेला गोडवाच मशीनमध्ये गेलेला असतो. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत बघा आणि झाकण लगेच लावा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं.

३. लॅबमध्ये जाण्याचा क्रम

उपाशीपोटीच्या तपासणीआधी आठ ते दहा तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन रक्त देण्याआधी घ्यायचं नाही, ते सोबत न्यायचं.

पहिलं रक्त दिलं की रोजचं औषध रोजच्या पद्धतीने घ्या आणि रोजचं जेवण जेवा. इथे दोन चुका होतात. पहिली, औषध न घेता जेवणं. मग औषधाचा उपयोग होतोय की नाही हे त्या आकड्यातून कळणारच नाही. दुसरी, तपासणी आहे म्हणून दोन बिस्किटांवर भागवणं. रोज दीड भाकरी, वाटीभर आमटी आणि भात खात असाल तर तेच खा. डबा घरून न्या. स्टँडवरची मिसळ हे तुमचं रोजचं जेवण नाही.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. शेवटच्या घासापासून मोजले तर आकडा चुकतो. घास तोंडात घातला की घड्याळ बघून वहीत वेळ लिहा.

*सावधान:* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर पहाटेपासून उपाशी राहून अकरापर्यंत लॅबच्या रांगेत बसू नका. लॅब कधी उघडते ते आदल्या दिवशी विचारा, पहिला नंबर लावा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, दिवसात कधीही रक्त दिलं तरी चालतं. साखर आटोक्यात नसेल किंवा औषध बदललं असेल तर दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी करतात. अंगात रक्त कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा किडनीचा आजार असेल तर हा आकडा फसवा निघू शकतो. म्हणून तसं काही असल्यास आधी सांगा.

वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (या दोन्ही किडनीच्या तपासण्या), कोलेस्टेरॉल आणि डोळ्यांचा पडदा. पडदा बघताना डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा परतताना मोटरसायकल दुसऱ्याच्या हाती द्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला, असं होत नाही. बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील तर व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह तपासायचं का, हेही डॉक्टरांना विचारा.

४. दवाखान्यातली चार मिनिटं

बाजाराच्या दिवशी जाऊ नका. तापाची साथ चालू असेल तेव्हाही नको. कंपाउंडरला किंवा सिस्टरला आधी विचारा, "शुगरची वही दाखवायची आहे, कोणत्या वेळेला गर्दी कमी असते?" दुपारी चारला रिकामा असलेला दवाखाना संध्याकाळी सातला तुडुंब भरतो.

आत गेल्यावर सर्दीपासून सुरुवात करू नका. वही उघडून समोर ठेवा. पायताण आणि मोजे काढून बसा. पाय डोळ्यांसमोर असले की डॉक्टर बघतात. बुटात असले की राहून जातं.

आणि इथे खरं बोला. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या काउंटरवरून मला ही चूक रोज दिसते. महिन्याच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात आणि माणूस दीड-दोन महिन्यांनी पुढचं पाकीट न्यायला येतो. म्हणजे मध्ये बरेच दिवस गोळी पोटात गेलेली नाही. पैसे नव्हते, विसरले, मुंबईला मुलाकडे गेले होते, किंवा "साखर नॉर्मल आली म्हणून सोडली". दवाखान्यात मात्र हाच माणूस म्हणतो, "रोज घेतो की डॉक्टर." डॉक्टर आकडा बघतात, गोळी पुरत नाही असं समजून डोस दुप्पट करतात. पुढे कधीतरी हा माणूस ॲडमिट होतो, किंवा सून येऊन शिस्त लावते आणि सगळ्या गोळ्या वेळेवर पोटात जातात. दुप्पट डोस, पूर्ण. साखर धाडकन खाली. तेव्हा औषधाला बोल लावला जातो.

"महिन्यातून आठ-दहा दिवस चुकते" हे एक वाक्य डॉक्टरांना लॅबच्या तीन रिपोर्टांपेक्षा जास्त सांगतं. रागावतील कदाचित. रागावू द्या. खर्चामुळे चुकत असेल तर तेही सांगा, स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. दारू, तंबाखू, उपवास, वैदूचं औषध हेही याच वेळी सांगायचं. "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकलेल्या पुड्यांत कधी कधी ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं सापडतं.

मग तीन प्रश्न, वहीत आधीच लिहून नेलेले:

- माझी साखर किती असायला हवी? (साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आसपास धरतात. वय जास्त असेल किंवा साखर वारंवार खाली जात असेल तर डॉक्टर मुद्दाम थोडी सैल मर्यादा ठेवतात. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.)
- आज कोणती गोळी बदलली, आणि जुनी बंद की चालू?
- परत कधी यायचं, आणि येताना कोणती तपासणी करून?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घ्या. बंद झालेल्या गोळीवर तिथेच आडवी रेघ मारा, तारीख घाला.

*तपासा:* चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि औषधाचं वाचता येईल असं नाव आहे का? वाचता येत नसेल तर दारातून बाहेर पडण्याआधी विचारा.

५. मेडिकलमध्ये

पिशवीत टाकण्याआधी पाकिटामागचं बारीक नाव वहीशी जुळवा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर घाबरू नका, नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे का एवढं बघा. बिल घ्या.

कोणती गोळी कधी घ्यायची, याचा ढोबळ नियम असा. मेटफॉर्मिन जेवताना किंवा जेवणानंतर, नाहीतर पोट बिघडतं. ग्लिमेपिराइड जेवणाच्या अगदी आधी, आणि जेवायचं नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. नावापुढे एसआर किंवा एक्सआर (म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी) असेल तर गोळी चुरू नका, चावू नका. अशा मेटफॉर्मिनचं रिकामं कवच कधी कधी शौचात दिसतं. औषध आत उतरलेलं असतं, ते फक्त टरफल. दोन मावश्या त्यासाठी माझ्याशी भांडून गेल्या आहेत.

खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. व्हिल्डाग्लिप्टिन आणि सिटाग्लिप्टिनची पेटंटं संपल्यावर त्यांच्याही किमती खूप उतरल्या, तेव्हा जुनी महागडी चिठ्ठी चालू असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा. (माझ्या धंद्याला हे परवडत नाही, पण गोळी बंद पडण्यापेक्षा बरं.)

सरकारी दवाखान्यात उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांची ओपीडी असते, लोक तिला एनसीडी म्हणतात. तिथे बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरही मोफत आहे. मिरजेसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे खिडकीवर विचारून घ्या. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी गावच्या उपकेंद्रात होते, आशाताईंना विचारा. महात्मा फुले योजनेत मात्र रोजच्या गोळ्या बसत नाहीत, ती ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. कार्ड घेऊन माझ्याकडे येऊ नका.

*सावधान:* सरकारी गोळ्या संपल्या म्हणून पंधरा दिवस रिकामे काढू नका. शेवटचं पाकीट उघडलं, त्याच दिवशी पुढची सोय.

६. इन्सुलिन लिहून दिलं तर

भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं १०० युनिटचं. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं तर अडीच पट औषध अंगात जातं. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने घ्या, मगच घरी जा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरतात, झाकणावर तारीख लिहा. माण, खटाव, आटपाडी, जतकडे उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिजचा भरवसा नाही. तेव्हा बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डब्यात घाला आणि डबा ओल्या मडक्यात सावलीला ठेवा. मुळातच गढूळ असणारं इन्सुलिन तळहातांत हळू फिरवून मिसळा, हलवून फेस काढू नका.

७. दवाखाना बंद असताना

घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ: साखर खाली गेल्याची लक्षणं. मशीन असेल तर बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच उपाय. मशीन नसेल तर शोधत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. नंतर भाकरी किंवा जेवण. सातारचा कंदी पेढा या वेळी कामाचा नाही. खव्यातल्या तुपामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडने खाली गेलेली साखर काही तासांनी परत खाली जाऊ शकते, म्हणून बरं वाटलं तरी रात्रभर एकटं सोडू नका.

उलट्या-जुलाब लागले, खाणं बंद झालं, तर इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करायचं नाही. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवायचं का, ते फोनवर विचारायचं. हा प्रश्न पुढच्या भेटीतच विचारून उत्तर वहीत लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोनला कुणाला उठवावं लागणार नाही. नवरात्र, श्रावणातले उपवास आणि वारी यांचंही तसंच, आठवडाभर आधी. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी ताटभर साबुदाणा, यात साखर आधी खाली जाते आणि मग वर उसळते. लोणंद-फलटणच्या वाटेवर पालखीबरोबर चालणार असाल तर अनवाणी नको, आणि रोज रात्री तळपाय कुणाकडून तरी बघून घ्या. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

८. मोठ्या दवाखान्यात कधी, आणि परत कसं यायचं

पायाची जखम बरी होत नसेल, बोट काळं पडत असेल, नजर अचानक अंधुक झाली असेल, धाप लागत असेल, किंवा धाप आणि उलट्यांबरोबर साखर खूप चढली असेल, तर त्याच दिवशी जा. गरोदरपणात साखर निघाली, किंवा तरुण पोराचं वजन भराभर उतरत असेल, तरीही थांबू नका. दोन वेळा पाठोपाठ एचबीएवनसी ९ च्या वर आलं तर गावातल्या डॉक्टरांनाच म्हणा, "एकदा स्पेशालिस्टना दाखवू का? चिठ्ठी द्याल?" चोरून गेलात तर पुढे दोन्हीकडच्या गोळ्या एकत्र होतात. पहिल्या टप्प्यातल्या आण्णांचं तेच झालं होतं.

साताऱ्याला, कराडला, सांगलीला, मिरजेला, कुठेही जा, वही घेऊन जा. परत आल्यावर आठ दिवसांत गावातल्या डॉक्टरांना नवी चिठ्ठी दाखवा, कारण पुढचे सहा महिने तेच तुम्हाला बघणार आहेत. घरी आलात की वहीतली जुनी यादी पूर्ण रेघ मारून बंद करा, नव्या पानावर नवी यादी लिहा. आणि डब्यातली बंद झालेली पाकिटं बाहेर काढा. ती तिथेच राहिली तर महिन्याने घरातलं कुणीतरी "ही संपवून टाका" म्हणून पुढे करतं.